तोंड इंजिनाकडं

हिंदमाताच्या सिग्नलला दौलतने क्लच तळापर्यंत दाबून धरला होता, दुसरा पाय ब्रेकवर होता, आणि तरीही गाडी पुढे गेली. फार नाही, हातभर. इंजिनाने एक आचका दिला, समोरच्या टॅक्सीच्या बंपरला ॲम्बॅसेडरचं नाक टेकलं आणि इंजिन बंद पडलं. टॅक्सीवाला उतरला. त्याने बंपरवरून हात फिरवला, काहीच झालेलं नाही हे बघून थोडा हिरमुसला आणि खिडकीपाशी आला. "क्लच गेलाय काय?" त्याने विचारलं. "नवीन टाकलाय," दौलत म्हणाला. "मग बरोबर हाय. जुना असता तर चालला असता." मागे बस थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. दौलतने गाडी न्यूट्रलला आणून इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेला. पत्रा कापताना करवत अडकावी तसा आवाज आला आणि दांडीने त्याचा तळहात मागे ढकलला. "राहू दे, राहू दे, दात पडतील म्हातारीचे," टॅक्सीवाला म्हणाला. मग दोघांनी मिळून गाडी ढकलत डाव्या अंगाला, कापडाच्या दुकानांसमोर लावली. जाता जाता त्याने नाक उडवलं, "मासळी वाहतोस काय यात?" म्हणाला आणि उत्तराला न थांबता आपल्या टॅक्सीत जाऊन बसला. दौलतही पुन्हा स्टिअरिंगमागे जाऊन बसला. एप्रिलचे साडेअकरा वाजले होते. सीट तापली होती. त्याला पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच की आपला डावा पाय अजून क्लचवर आहे आणि आपण तो अजून दाबतो आहोत.

गाडी शीव कोळीवाड्याच्या बकुळाबाईंची. पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल उचलायचा आणि दादरच्या बाजारात आणून टाकायचा, यासाठी त्यांनी ही डिझेल ॲम्बॅसेडर घेतली होती, मागची सीट काढून टाकली होती आणि खाली पत्रा मारून घेतला होता. गाडीला दहा वर्षं झाली होती. गिअरची दांडी जुन्या पद्धतीची, स्टिअरिंगला लागून. दुसरा गिअर चालता चालता सुटायचा आणि सुटे भाग मिळत नव्हते. म्हणून दौलतच्या गॅरेजातल्या भागीदाराने, शामरावने, कुर्ल्याच्या भंगारवाल्या कोंडीरामकडून एका मोडीत निघालेल्या गाडीची गिअरपेटी आणली. पाच गिअरची, दांडी खाली, दोन सीटांच्या मध्ये. पेटी बदलली तशी क्लचची प्लेटही बदलावी लागली, कारण नव्या पेटीच्या शाफ्टचे दाते वेगळे होते. सगळं बसलं. दांडीसाठी तळाचा पत्रा कापला, त्याच्या कडा घासल्या, वर चामड्याची टोपी शिवून घातली. आणि बसल्या दिवसापासून गाडीने क्लच मानला नाही. इंजिन बंद असताना पाचही गिअर विनातक्रार पडायचे. इंजिन चालू केलं की एकही पडायचा नाही. क्लच दाबल्यावर इंजिन आणि पेटी एकमेकांपासून सुटायला हवीत, ती सुटत नव्हती. गाडी गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारायचा, ती उडी मारून निघायची, आणि मग कुठेही थांबायचं नाही, अशी चालवता येत होती. नऊ दिवस त्यांनी एकेक गोष्ट धरून सोडून दिली होती. आधी क्लचच्या पाइपातली हवा काढली. मग तीच हवा पुन्हा काढली, कारण शामरावला वाटलं पहिल्यांदा दौलतने पेडल घाईने सोडलं. वरच्या सिलिंडरचं रबर बदललं, खालच्या सिलिंडरची काडी दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब केली, मग चार सूत. पेटीच्या बाजूच्या भोकातून बॅटरी मारून आतला, क्लच सोडवणारा काटा हलतो का ते पाहिलं. काटा पुरेपूर हलत होता. उरली ती पेटी. पेटीतच काहीतरी वाकलेलं आहे, कोंड्याने डोळ्यांत धूळ फेकली, असं शामरावने परवा ठरवलं, आणि शामरावने ठरवलं की ते ठरायचं. आज चार वाजता तो कुर्ल्याला जाऊन कोंडीरामच्या दुकानात, चार लोकांसमोर, त्याची इज्जत काढणार होता. त्याआधी एकदा गाडी रस्त्यावर फिरवून ये, बघ सुटते का, असं सांगून त्याने दौलतला पाठवलं होतं. चिंचपोकळीहून लालबाग, परळ करत हिंदमातापर्यंत सगळे सिग्नल हिरवे मिळाले होते. इथे लाल मिळाला.

समोरच्या दुकानात गादीवर एक गुमास्ता दोन बायकांना साड्या दाखवत होता. दोघींपैकी थोरलीने साडीचं टोक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि रंग फिका आहे म्हणाली. गुमास्त्याने ते टोक तिच्या हातातून अलगद काढून घेतलं, पलटलं आणि परत दिलं. "ताई, तुम्ही पाठ बघताय," तो म्हणाला, "तोंड हे. कापड नेहमी तोंडाने बघायचं." बाईने त्या बाजूवरून बोटं फिरवली. दौलत उगाच बघत होता. त्याचं लक्ष आपल्या पायाकडे होतं, बसच्या हॉर्नकडे होतं, आता ही गाडी गिअरमध्ये स्टार्टर मारून उडवायची तर पुढे किती जागा लागेल याकडे होतं. गुमास्त्याचं वाक्य त्याच्या कानावरून गेलं, थोडं पुढे गेलं आणि थांबलं. मग ते मागे फिरून आलं. तोंड हे. कापडाची गुळगुळीत, सपाट, सुलटी बाजू. दौलतने क्लचवरचा पाय काढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. गाडीचं काय बिघडलं आहे ते त्याला कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद व्हायला जो अर्धा क्षण लागतो तेवढ्यात बाकीचंही कळलं.

आजवर प्लेट नेहमी शामराव बसवायचा. दौलतकडे इंजिन आणि वायरिंग, शामरावकडे क्लच, ब्रेक आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, अशी वाटणी सहा वर्षं आपोआप पडलेली होती. पण दोन महिन्यांपासून शामरावचा उजवा खांदा धरला होता, हात कानाच्या वर जात नव्हता, म्हणून या खेपेला गाडीखाली दौलत गेला आणि शामराव वरून सांगत राहिला. प्लेट ताटलीएवढी, गोल. एक बाजू सपाट. दुसऱ्या बाजूला मधोमध बशीएवढा उंचवटा, त्यात चार स्प्रिंगा. वापरलेली प्लेट, त्यामुळे कुठली बाजू कुठे याचा छाप झिजून गेलेला. दौलतने ती खाली घेतली तेव्हा शामराव वाकून म्हणाला, "तोंड इंजिनाकडं." तीन शब्दांचं काम त्याने दोन शब्दांत केलं. तो नेहमी असाच बोलायचा. सव्वीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्यावर माणूस लांब वाक्यं बोलणं सोडून देतो. त्याला ऐकूही कमी यायचं. समोरच्याच्या ओठांकडे बघून तो बोलणं वाचायचा आणि स्वतः मात्र, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, सगळं मोठ्याने बोलायचा. तोंड इंजिनाकडं. दौलतने प्लेट हातात फिरवली. उंचवटा वर आला. त्याने तो इंजिनाकडे करून प्लेट बसवली, आणि तसं करताना त्याच्या मनात शंका म्हणून आली नाही, कारण तोंड म्हणजे पुढे आलेलं टोक हे त्याला वयाच्या अठराव्या वर्षापासून माहीत होतं. तो गिरणीच्या रिंग खात्यात होता, तिथे सूत निघायचं. भरलेली बॉबिन साच्यावरून उतरवली की तिचं निमुळतं, पुढे आलेलं टोक ते तिचं तोंड. सूत तिथून सुटतं. त्याचा बाप हेच म्हणायचा, बापाचा जॉबर, म्हणजे मुकादम, हेच म्हणायचा. शामरावचं तोंड वेगळं होतं. विणकाम खात्यात कापडाला तोंड असतं, आणि ते तळहाताने तपासतात. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर आत शिरणाऱ्या दोन माणसांचा एकच शब्द, मधल्या एका भिंतीमुळे, दोन टोकांना गेला होता. ती भिंत दौलतने बाहेरून रोज पाहिली होती. तिच्या दारातून सुताच्या गाड्या आत जायच्या. तो आत गेला नव्हता.

का गेला नाही हे गिरणगावात लहान पोरालाही माहीत होतं आणि म्हणून कुणी बोलत नसे. मागावर धोटा धावतो. त्यातलं सूत संपलं की विणकर नवी कांडी भरतो आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सुताचं टोक श्वासासरशी बाहेर ओढतो. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना. म्हणून दौलतच्या लोकांना विणकाम खातं नाही. बापाच्या वेळी नव्हतं, दीक्षा घेतल्यावर, नाव बदललं, देव्हारा गेला, भिंतीवर फोटो बदलले, तरी नव्हतं. सूत मात्र त्यांच्याच हातचं. ते ओढून घेताना कुणाच्या ओठांना काही व्हायचं नाही. शहात्तर साली दिवाळीआधी गिरणीने तीन फिटर रिंगमधून विणकामाला द्यायचे ठरवले आणि यादीत पहिलं नाव दौलतचं होतं. फिटरला पाना धरावा लागतो, धोट्याला तोंड लावावं लागत नाही. पण हे कुणीच म्हटलं नाही, दौलतनेसुद्धा नाही. ज्या सकाळी तो नवा पाना घेऊन त्या दाराशी उभा राहिला त्या सकाळी आतले माग एकामागून एक बंद झाले. तो आवाज थांबला तेव्हा त्याला आपल्या कानांना काही झालं असं वाटलं. दुपारी एकशे चाळीस नावांचा कागद मॅनेजरच्या टेबलावर गेला. कामगार अधिकाऱ्याने दौलतला बोलावून बसायला सांगितलं, हेच विशेष, आणि म्हणाला, तुलाच त्रास होईल, तुझ्या भल्यासाठी सांगतो. घडी केलेला कागद त्याच्या कोपराखाली होता. दौलतला कागदाच्या पाठीवर उमटलेल्या शाईच्या निळ्या खुणा दिसल्या, नावं दिसली नाहीत. शामराव तेव्हा त्या खात्यात चार माग चालवत होता. दौलत त्याला तोंडओळखीनेही ओळखत नव्हता.

ओळख संपाने करून दिली. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका मोर्च्यात दोघं शेजारी चालत होते, मग भायखळ्याच्या कोठडीत दोन दिवस शेजारी बसून होते, मग शामरावच्या गावाकडून आलेल्या तांदळातला अर्धा तांदूळ दौलतच्या घरी आला. मंजुळाने तो निवडताना काही विचारलं नाही. दौलतची बायको होती, न विचारायची सवय तिलाही होती. पहिल्यांदा शामरावच्या खोलीत चहा घेतला तेव्हा त्याच्या बायकोने, राधाबाईंनी, कप कुठल्या फळीवरून काढला हे दौलतने बघितलं. सगळ्यांचे होते त्याच फळीवरून. आपण बघितलं याची त्याला लाज वाटली, तरी पुढच्या खेपेलाही त्याने बघितलं. शामराव बीडीडी चाळीत त्याच्याकडे आला की सुक्या बोंबलाची चटणी मागून घ्यायचा आणि दुसऱ्यांदा भात वाढायला सांगायचा. गिरणीने दोघांनाही परत घेतलं नाही. दोघांनी काळाचौकीच्या एका गॅरेजात फडकं मारण्यापासून सुरुवात केली आणि चौऱ्याऐंशीत चिंचपोकळीला, रुळांच्या कडेला, पत्र्याची शेड भाड्याने घेतली. परवाना दोघांच्या नावावर. ही सहा वर्षं आणि संपाची दोन, अशी आठ वर्षं दौलतने एक प्रश्न विचारला नव्हता: त्या कागदावर तुझं नाव होतं का. त्याला उत्तर हवं नव्हतं असं नाही. पण ही शेड त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभी आहे अशी त्याची समजूत होती. प्रश्न काढला तर वरचे पत्रे राहतील की नाही हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि या वयात दुसरी शेड नव्हती, दुसरा शामरावही नव्हता. एक प्रश्न टाळायचा म्हणून त्याने हळूहळू शामरावला प्रश्न विचारणंच सोडलं होतं. नाहीतर गाडीखालून एवढंच विचारायचं होतं: तोंड म्हणजे कुठलं?

त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. इंजिन बंद होतं, गिअर निमूट पडला. समोर टॅक्सीएवढी जागा मोकळी झाली तसा त्याने स्टार्टर मारला, गाडीने उडी घेतली आणि पेटलेल्या इंजिनासकट रस्त्यावर आली. आता चिंचपोकळीपर्यंत थांबायचं नव्हतं. परळच्या पुलाखालून वळसा घेताना त्याने दुसरा गिअर क्लचशिवायच, इंजिनाचा आवाज ऐकून, नेमक्या वेळी सरकवला, आणि तो बसला तेव्हा त्याही परिस्थितीत त्याच्या हाताला बरं वाटलं. इतका चांगला हात, आणि चूक अशी. लालबागला दुरून लाल दिवा दिसला तेव्हा त्याने गाडी बैलगाडीच्या वेगाने आणली, हातगाड्या आणि सायकली पुढे जाऊ दिल्या, आणि दिवा बदलेपर्यंत तशीच सरपटवली. त्या सरपटण्यात त्याला दुसरी वाट दिसली. शामराव चारला कुर्ल्याला जाईल. सातपर्यंत येणार नाही. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले दोघं पेटी धरायला मिळतील. पेटी उतरवायची, प्लेट पलटायची, पेटी चढवायची. तीन तासांचं काम. शामराव येईल तेव्हा गाडी ठीक असेल, काय झालं कळलं नाही, पाइपात हवाच असेल, असं म्हणता येईल. फक्त तेवढ्या वेळात कोंडीराम आपल्या दुकानात चार लोकांसमोर उभा असेल आणि शामराव त्याला चोर म्हणत असेल, आणि कोंडीरामने पेटी चांगली दिलेली असेल. डाव्या हाताला गिरणीची भिंत लागली. आत चिमणी होती, धूर नव्हता; आठ वर्षांत भिंतीवर पिंपळाची झाडं कमरेएवढी झाली होती. दौलतला कोंडीरामबद्दल विशेष प्रेम नव्हतं. पण कागदावर एखाद्याचं नाव घालून त्याला दाराबाहेर ठेवणं कसं असतं ते त्याला माहीत होतं, आणि हे माहीत असल्याचा त्याला या क्षणी रागच आला.

शेडमध्ये बकुळाबाई तेलाच्या उलट्या डब्यावर बसल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, केसांत आबोलीचा गजरा. शामराव एका हाताने शर्टाची बटणं लावत होता. आत्तापासूनच कुर्ल्याची तयारी. दौलतने गाडी गिअरमध्येच ब्रेक मारून बंद पाडली आणि गाडीचा आचका बघून बकुळाबाईंनी मान हलवली.

"आली का माजी होडी," त्या म्हणाल्या. "मना वाटलं वल्हं सापडलं आसंल. हिची तर डोलकाठीपन गेली."

"बाई, संध्याकाळी दुसरी पेटी आणतो," शामराव म्हणाला. "कोंड्याच्या उरावर बसून आणतो."

"तुमी त्याच्या उरावर बसा नायतर खांद्यावर. नऊ दिस जाले. तुमच्या गिरनीतला कापूस तुमची वाट बघत आठ वरसं बसला. मासा बसत नाय. उद्या पहाटे गाडी धक्क्यावर पायजे, नायतर मी ती रमाकांतच्या ग्यारेजला टाकनार, मग माज्या नावानं बोंबलू नका."

"बोंबील तुमचे, बोंबलू आम्ही?" शामराव म्हणाला, आणि स्वतःच हसला.

दौलत गाडीतून उतरून शामरावच्या समोर येऊन उभा राहिला. ही गोष्ट गाडीखालून किंवा पाठमोरं सांगता येणारी नव्हती. शामरावला सांगायचं म्हणजे उजेडात उभं राहून, ओठ नीट हलवून सांगावं लागायचं.

"कुर्ल्याला जाऊ नकोस," तो म्हणाला. "पेटी चांगली आहे. प्लेट उलटी बसलीय. मी बसवली."

शामरावचा हात शेवटच्या बटणावर थांबला. "उलटी कशी बसंल? मी सांगितलं होतं ना. तोंड इंजिनाकडं."

"तोंडच बसवलं इंजिनाकडं."

खिळ्याला एक जुनी प्लेट टांगलेली होती. शामरावने ती काढली, सपाट बाजू वर केली आणि तिच्यावरून तळहात फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. "हे तोंड," तो म्हणाला.

दौलतने प्लेट त्याच्या हातात तशीच पलटली आणि उंचवट्यावर बोट ठेवलं. "मला हे वाटलं."

"ह्याला कोण तोंड म्हणतं?" शामराव खरोखर चकित झाला होता. "अरे दौल्या, गिरणीत एवढी वर्षं काढलीस, आणि कापडाचं तोंड ठाऊक नाही तुला? शेंबड्या पोराला कळतं."

"कापड बघायला आत यावं लागतं," दौलत म्हणाला. आवाज चढू नये याची त्याने काळजी घेतली; चढला असता तरी शामरावला फरक कळला नसता. "बॉबिनचं तोंड असं असतं. पुढं आलेलं. आम्ही त्याला तोंड म्हणतो."

शामराव त्याच्या ओठांकडे बघत होता. वाक्य संपल्यावरही थोडा वेळ बघत राहिला. "असं होय," तो म्हणाला. "तुमच्यात ह्याला तोंड म्हणतात होय."

रुळांवरून काहीतरी जड गेलं आणि पत्रे थरथरले.  'तुमच्यात' हा शब्द शामरावने आठ वर्षांत कधी वापरला नव्हता. वापरला नव्हता हे दोघांनाही आत्ताच कळत होतं. शामरावने प्लेट खिळ्याला लावायचा प्रयत्न केला, खांद्यामुळे हात पोचला नाही, दौलतने ती घेऊन लावली. "म्हणजे रिंगवाल्यांत," शामराव म्हणाला. "रिंग खात्यात, म्हणतो मी."

"हो," दौलत म्हणाला.

बकुळाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "मी येतंय सांजच्याला, नानाला घेऊन," त्या म्हणाल्या. नाना म्हणजे त्यांचा दीर, गाडी तोच चालवायचा. "जेवून घ्या दोगं. उपाशी मानसाची भांडनं लांबतात."

भांडण नव्हतंच. त्यांनी गाडी दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि काम सुरू केलं. वेल्डिंगवाल्या दोघांना हाक मारून पेटी उतरवली. इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, बोल्टांच्या डोक्यांवर, चकचकीत चरे पडलेले होते. प्लेटचा उंचवटा नऊ दिवस तिथे घासत होता आणि म्हणून क्लच सुटत नव्हता. इतकं स्वच्छ, वाचता येईल असं कारण होतं. दौलतने त्या चऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि चुकीला एवढी सरळ खूण असते याचं त्याला नवल वाटलं. शामराव वर बॉनेटपाशी उभा होता; खालून त्याच्या चपला आणि पायजम्याची कड दिसत होती. एरवी तो वरून बोलत राहायचा, आज्ञा, शिव्या, कोणाच्या तरी लग्नातली गोष्ट. आज गप्प होता. दौलतने प्लेट पलटली, सपाट बाजू इंजिनाकडे केली, शाफ्टच्या जुन्या तुकड्यावर मधोमध धरली आणि पहिला बोल्ट लावला. दुसरा लावत असताना वरून आवाज आला.

"शहात्तरच्या त्या कागदावर मी सही केली नव्हती."

दौलतचा पाना थांबला. त्याने काही विचारलं नव्हतं. वरच्या चपला हलल्या नाहीत.

"सही येत नव्हती मला तेव्हा," शामराव म्हणाला. "अंगठा दिला."

 इथून दौलत काही बोलला असता तरी शामरावला ऐकू गेलं नसतं, आणि ओठ दिसत नव्हते. हे शामरावला माहीत होतं. ओठ दिसत नसताना बोलायचं हे त्याने ठरवलेलं असणार. दौलत गाडीच्या खाली पूर्ण शिरेपर्यंत तो थांबला होता. मग दौलतला आठवलं, आणि आठवू नये असं वाटत असताना आठवत राहिलं, की सही त्याला आपणच शिकवली. संपाच्या दुसऱ्या वर्षी, चाळीच्या गॅलरीत, युनियनच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. 'शा'चा काना ओढताना शामरावचा हात लटपटायचा, आणि दौलतने तीन आठवडे त्याचं मनगट वरून धरून तो काना ओढला होता. अंगठा कुठे दिला होता हे त्या तीन आठवड्यांत सांगता आलं असतं. त्या अंगठ्यावरून आपला अंगठा कितीदा गेला असेल. गॅरेजच्या परवान्यावर ती सही दौलतच्या सहीच्या वर होती, चांगली, ठसठशीत. दौलतने दुसरा बोल्ट आवळला, तिसरा लावला. सहाही बोल्ट त्याने एकेक फेरा देत, समोरासमोरचे, सारखे आवळले. एकाही बोल्टावर त्याने गरजेपेक्षा जास्त जोर दिला नाही. पेटी वर घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने गाडीखालून हात बाहेर काढून दोन बोटं हलवली, आणि शामरावने वेल्डिंगवाल्यांना हाक मारली.

पाच वाजता बाहेर आला तेव्हा शामराव त्याच्यासाठी चहा घेऊन उभा होता. ग्लास त्याने हातात दिला नाही, बॉनेटवर ठेवला. कदाचित खांद्यामुळे असेल. दौलतने तो उचलला, प्यायला, आणि कुठल्या बाजूने शामरावने धरला होता याचा विचार करत नाही आहोत असं स्वतःला सांगितलं. इंजिन चालू केलं. क्लच दाबला. पहिला गिअर पडला, मागचा पडला, पुन्हा पहिला. शामरावने दांडीवर तळहात ठेवला, तिच्यातली थरथर जोखली आणि मान डोलावली. कान गेल्यापासून तो यंत्रं हातानेच ऐकायचा.

"सपाट बाजू," तो म्हणाला. "यापुढं सपाट बाजूच म्हणायचं. घोटाळा नको."

"चालेल," दौलत म्हणाला.

बकुळाबाई साडेसहाला नानाला घेऊन आल्या. नानाने गाडी शेडमधून काढली, रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, वळवून आणली आणि खिडकीतून अंगठा दाखवला. बकुळाबाईंनी डब्यातून केळीच्या पानात बांधलेले बोंबील काढले आणि दोन पुडे बाकावर ठेवले, एकेकाला एक. मग गाडीत बसता बसता त्या थांबल्या.

"पन जालं काय व्हतं?"

"क्लचची प्लेट उलटी बसली होती," शामराव म्हणाला.

"आता गं बया. एवढंच? कोनी बसवली उलटी?"

शामराव फडक्याने हात पुसत होता. हात पुसून झाले होते, तरी पुसत होता. त्याने दौलतच्या ओठांकडे पाहिलं, तिथून काही येत आहे का ते बघायला, आणि काही येत नाही असं दिसल्यावर बकुळाबाईंकडे वळला.

"दौलतरावांनी," तो म्हणाला. या खेपेला तो मोठ्याने बोलला नाही.